वाचकांचे प्रश्न : एका मागणीभोवती नऊ संघटना

गरिबी आणि विषमतेविरुद्ध काम करणारे वेगवेगळे गट एकत्र कसे आणायचे आणि आणल्यावर टिकवायचे कसे, यावर या महिन्यात इंदूरहून बरीच पत्रं आली. त्यांतली सात इथे घेतली आहेत. पत्रं एकाच शहरातली असल्यामुळे उत्तरंही एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून शक्यतो क्रमानं वाचावीत.

प्रश्न : आमच्या भागातल्या नऊ गटांनी मिळून आघाडी करायची ठरवली. त्यात महिला मंडळ, निवृत्तांचा कट्टा, विद्यार्थ्यांचा अभ्यासगट, घरकाम करणाऱ्या बायकांचा बचत गट, ठेलेवाल्यांची संघटना असे सगळे आहेत. पहिल्या बैठकीला पन्नासेक माणसं होती, तिसऱ्या बैठकीला अकरा. घरकामाच्या बायका तर दुसऱ्यांदा आल्याच नाहीत. काय चुकलं? – लोकमान्य नगर

तुम्ही पत्रासोबत पहिल्या बैठकीची सूचना पाठवली आहे. रविवार, संध्याकाळी सहा. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, तीन भाषणं, आभार, चहा. उत्तर त्या कागदावरच आहे.

घरकाम करणारी बाई सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत तीन-चार घरं करते, घरी जाऊन स्वयंपाक-धुणं उरकते आणि साडेचारच्या सुमारास भांड्यांच्या दुसऱ्या फेरीला निघते. संध्याकाळी सहाची बैठक म्हणजे तिच्यासाठी एका घराचा खाडा, आणि खाडा म्हणजे बोलणी. ठेलेवाल्याचा धंदा तर संध्याकाळीच असतो. या दोघांनाही दुपारी दोन ते साडेतीन ही एकच वेळ जमते. निवृत्तांना त्या वेळी झोप येते हे मान्य, पण झोप पुढे ढकलता येते. जागाही सभागृहाची नको. मूसाखेडीसारख्या वस्तीतलं एखादं समाजमंदिर किंवा सुटल्यानंतरची अंगणवाडी घ्या. सतरंजीवर गोल बसा. गुडघेदुखीवाल्यांसाठी खुर्च्या भिंतीलगत ठेवा, पुढच्या रांगेत नको. पुढे खुर्च्या लागल्या की खाली बसलेली माणसं बोलत नाहीत.

दुसरी चूक बैठकीच्या आधीची आहे. नऊ गटांना एकच निरोप व्हॉट्सअपवर गेला. आधी समक्ष भेटायला हवं होतं : प्रत्येक गटातली दोन माणसं, एक पदाधिकारी आणि एक पद नसलेली व्यक्ती, प्रत्येकी पाऊण तास. म्हणजे अठरा भेटी. तीन जणांनी वाटून घेतल्या तर दोन आठवड्यांत होतात. प्रत्येक भेटीत तीनच प्रश्न विचारा. तुमच्या लोकांचं सध्या नेमकं काय अडलंय? आघाडीला तुम्ही काय देऊ शकता, म्हणजे माणसं, जागा, वेळ, ओळखी? आणि कोणत्या गोष्टीवर तुमचा गट मुळीच तडजोड करणार नाही? तिसरा प्रश्न लोक टाळतात. मग नेमकी तीच गोष्ट सहाव्या बैठकीत फुटते आणि आघाडी मोडते.

बैठक नव्वद मिनिटांची ठेवा. पहिली दहा मिनिटं मागच्या बैठकीत कोण काय करणार होतं आणि झालं का, याचं वाचन. पुढची पन्नास मिनिटं एकाच विषयावर. वीस मिनिटांत कामवाटप, नाव आणि तारीख लावून. शेवटची दहा मिनिटं तक्रारींसाठी. बोलायला दोन मिनिटं, आणि सगळ्यांचं एकदा बोलून झाल्याशिवाय कुणालाही दुसरी पाळी नाही. प्रत्येक गटाचे दोन प्रतिनिधी, त्यांतला एक तरी ज्याच्या घरात तो प्रश्न आहे असा हवा. मराठीत सुरू झालेली चर्चा हिंदी-माळवीत जाईल, जाऊ द्या. इतिवृत्त हिंदीत लिहा म्हणजे ते सगळ्यांना वाचता येईल. आणि ज्यांची रोजी बुडते त्यांना ती भरून द्या. याची लाज त्यांना वाटू नये म्हणून ही रक्कम "प्रवास आणि वेळ" या नावानं, न मागता, सगळ्या प्रतिनिधींसमोर ठेवा. ज्यांना नको ते घेणार नाहीत.

प्रश्न : "गरिबी हटवा" ही मागणी घेऊन कुठे जायचं? आमच्याकडे आरोग्य, शिक्षण, रेशन, पगार असे बावीस मुद्दे जमले आहेत. – सुदामा नगर

बावीस मुद्द्यांचं निवेदन स्वीकारायला कुठल्याही अधिकाऱ्याला आनंदच होतो, कारण त्यातल्या एकाचंही उत्तर द्यावं लागत नाही. यातून एक मुद्दा निवडा. तो निवडताना चार गोष्टी पाहा : निदान तीन गटांच्या माणसांना तो थेट लागतो का, निर्णय कोणत्या खुर्चीत होतो हे सांगता येतं का, सहा महिन्यांत काही हलू शकतं का, आणि हललं तर मोजता येतं का.

तुमच्या यादीतला रेशनचा मुद्दा या चाळणीतून जातो. २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं. मध्य प्रदेशात त्यासाठी पात्रता पर्ची, म्हणजे रेशनच्या हक्काची चिठ्ठी, लागते आणि पर्ची समग्र आयडीशी, म्हणजे राज्य सरकारच्या कुटुंब-नोंदणी क्रमांकाशी, जोडलेली असते. घरात पाच माणसं आणि पर्चीवर तीन नावं असतील तर २५ऐवजी १५ किलो मिळतात. गहू ३० रुपये किलो धरला तरी महिन्याला ३०० रुपयांचा खड्डा. नावं गळायची कारणं वेगवेगळी असतात : सुनेचं नाव अजून माहेरच्या समग्रमध्ये, मुलाचं नाव चढवलेलंच नाही, कुणाची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, राहिलेली. वर्षानुवर्षं राख आणि साबणानं भांडी घासून बोटांच्या रेषा पुसट होतात, मशीन अंगठा ओळखत नाही आणि कंट्रोलवाला, म्हणजे रेशन दुकानदार, "पुढच्या आठवड्यात या" म्हणतो. अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये, असे केंद्राचे निर्देश आहेत. बुबुळ किंवा मोबाइलवरचा ओटीपी हे पर्याय आहेत. हे दुकानावर ठामपणे सांगणारं माणूस सोबत असलं तर बरेचदा तिथेच काम होतं.

आघाडीनं आधी साठ घरं मोजावीत. दोन वस्त्या, प्रत्येकी तीस घरं, दोघा-दोघांच्या जोड्या, त्यातला एक वस्तीतलाच. रकाने थोडेच ठेवा : घरात प्रत्यक्ष माणसं किती, पर्चीवर नावं किती, गेल्या तीन महिन्यांत किती किलो मिळालं, परत पाठवलं असेल तर कारण दुकानदाराच्या शब्दांत. आधार कार्डाचे फोटो काढू नका. त्यांची गरज नाही आणि स्वयंसेवकाच्या मोबाइलमध्ये शे-दोनशे आधार पडून राहणं धोक्याचं आहे.

मग तक्ता पाहून प्रश्नांची वाटणी करा, कारण प्रत्येक तक्रारीचा पत्ता वेगळा असतो. ई-केवायसी आणि समग्रची दुरुस्ती वॉर्ड-झोन पातळीवर होते. दुकानदार तोलात मारत असेल तर जिल्ह्याचा अन्न विभाग आणि कायद्याच्या कलम १५खालचा जिल्हा तक्रार निवारण अधिकारी. पण नवी नावं चढत नसतील आणि "कोटा संपला" असं उत्तर येत असेल तर ते कलेक्टरांच्या हातात नाही. शहरी भागात देशभरात निम्म्या लोकसंख्येपर्यंतच लाभ देण्याची कायद्यातली मर्यादा अजून २०११च्या जनगणनेवर मोजली जाते. ही मागणी भोपाळ आणि दिल्लीची आहे आणि ती इतर शहरांतल्या आघाड्यांबरोबरच करावी लागेल. तिन्ही पातळ्या एका कागदावर आल्या की अधिकारी वरच्या पातळीकडे बोट दाखवून खालचं कामही टाळतो. अशी निवेदनं इथेच मरतात.

कलेक्टर कार्यालयात मंगळवारी तक्रारी ऐकतात, त्या जनसुनवाईला जाताना निवेदन एक पान, मागणी पहिल्या तीन ओळींत, सोबत साठ घरांचा तक्ता. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार ज्या मोबाइलवरून केली त्याच मोबाइलवर पुढचे संदेश आणि फोन येतात, म्हणून ती त्या कुटुंबाच्याच नंबरवरून करा. कार्यकर्त्याच्या एका फोनवरून चाळीस तक्रारी टाकल्या तर तक्रार बंद करू का असं विचारणारा फोन नेमका चुकतो. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज. "का झालं नाही" असं विचारू नका. "आमच्या निवेदनावर कोणत्या तारखेला कोणी काय शेरा मारला, त्याची प्रत द्या" असं विचारा.

ठेलेवाल्यांना रेशनपेक्षा हटवाहटवीचा प्रश्न जवळचा वाटेल. त्यांच्यासाठी २०१४चा पथविक्रेता कायदा आहे : सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत विक्रेत्याला उठवता येत नाही, हलवायचं तर तीस दिवसांची नोटीस लागते, आणि नगर विक्रय समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यांत एक तृतीयांश बायका. हा तुमचा दुसरा मुद्दा असू द्या, पहिला संपल्यावर. तसं इतिवृत्तात तारखेसह लिहा, नाहीतर संघटनेला आपण फक्त गर्दीसाठी बोलावले गेलो असं वाटेल.

प्रश्न : महिला मंडळ आणि बचत गट एकाच आघाडीत आहेत. पण मंडळाच्या निम्म्या जणींकडे त्याच बायका कामाला आहेत. कुणीतरी "आठवड्याची भरपगारी सुट्टी" असा विषय काढला आणि बैठक एकदम गार पडली. आता हा विषय टाळावा का? – राजेंद्र नगर

टाळू नका. जगातल्या विषमतेवर बोलणाऱ्या खोलीतच ती बसलेली असते, आणि ती न बोलता पुढे गेलात तर बचत गट गप्प राहून निघून जाईल. ही मागणी हवेतली नाही. जिनिव्हात १६ जून २०११ रोजी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार स्वीकारला. त्यात आठवड्यातून सलग किमान २४ तासांच्या विश्रांतीचा हक्क आहे. भारतानं त्याच्या बाजूनं मत दिलं, पण तो अजून लागू करण्यासाठी मंजूर केलेला नाही. करारामागे देशोदेशीच्या घरकामगार बायकांच्या संघटनांची अनेक वर्षांची धडपड होती, आणि त्याच संघटनांनी २०१३मध्ये उरुग्वेची राजधानी मॉन्टेव्हिडिओ इथे आपला आंतरराष्ट्रीय महासंघ उभा केला. तुमच्या बचत गटातल्या बाईनं काढलेला विषय थेट त्या करारातला आहे, हे तिला आणि मंडळाला, दोघींनाही सांगा.

पद्धत अशी ठेवा. आधी दोन वेगळ्या बैठका. कामगार बायकांना त्यांच्या मालकिणीसमोर बोलायला लावू नका. उद्या सकाळी सात वाजता त्याच दारात जायचं असतं. दोन्ही बैठकांत आपापलं म्हणणं लिहून काढायचं. मंडळाच्या बाजूनं "न सांगता खाडे" येईल, "बदली बाई पाठवत नाही" येईल, तेही लिहा. तिसऱ्या, एकत्र बैठकीत सूत्रं अशा व्यक्तीकडे द्या जी मालकीणही नाही आणि कामगारही नाही. विद्यार्थी गटातलं कुणी चालेल.

यातून एक पानाचा करारनामा तयार करा, दोघींच्या सहीचा किंवा अंगठ्याचा. त्यात काम कोणतं आणि किती माणसांचं, पगार आणि त्याची तारीख, सुट्ट्या, आजारपणातले दिवस, वर्षाची वाढ, दिवाळीचा बोनस, काम सोडताना किंवा सोडवताना किती दिवसांची सूचना, हे सगळं यावं. आणि एक रकाना हमखास विसरला जातो : पाहुणे. गौरी-गणपतीच्या पाच दिवसांत मोरीतला भांड्यांचा ढीग दुप्पट होतो, मोठ्या पातेल्यांचं खरकटं वाळून बसतं, पण पगार तोच. जादा माणसांमागे दिवसाला किती, हे आधीच ठरलं की दोन्हीकडची कुरबुर थांबते.

मंडळातल्या सगळ्या एकदम तयार होणार नाहीत. पाच-सात घरांपासून सुरू करा, तीन महिन्यांनी पुन्हा बसा. एक नियम मात्र आघाडीच्या पहिल्याच पानावर असावा : ज्या निर्णयाचा भार किंवा धोका एका गटावर पडतो, त्या निर्णयावर त्या गटाचा नकार हा शेवटचा नकार.

प्रश्न : आम्ही देवी अहिल्या विद्यापीठातले विद्यार्थी. रेशन आणि मोलकरणींच्या सुट्ट्या महत्त्वाच्या आहेतच, पण आमचा ओढा जागतिक गरिबीकडे आहे. इंदुरात बसून त्यात काय करता येतं? – खंडवा रोड

आधी दोन आकड्यांबद्दल, कारण विद्यार्थ्यांच्या भित्तिपत्रकांत ते सर्रास चुकतात. जागतिक बँकेची अति-दारिद्र्यरेषा जून २०२५पासून माणशी दिवसाला ३ डॉलर आहे, त्याआधी २.१५ होती. हे डॉलर क्रयशक्तीच्या, म्हणजे त्या-त्या देशातल्या किमतींना जुळवून घेतलेल्या, हिशेबातले असतात. बाजारातल्या विनिमयदरानं गुणून "म्हणजे अडीचशे रुपये" लिहिलंत तर उत्तर कित्येक पट चुकतं. दुसरा गिनी निर्देशांक, शून्य ते एक, जितका मोठा तितकी विषमता जास्त. भारताचा हा आकडा बराच कमी दिसतो, कारण आपल्याकडे तो घरखर्चाच्या पाहणीवरून काढतात. श्रीमंत माणूस कमाईतला मोठा भाग खर्चच करत नाही, म्हणून खर्चातली विषमता उत्पन्नातल्या विषमतेपेक्षा सहसा कमी दिसते. उत्पन्नावर मोजणाऱ्या देशांशेजारी आपला आकडा ठेवून तुलना करू नका.

आता मोहिमांकडून काय घ्यायचं ते. गरीब देशांच्या कर्जमाफीसाठी चाललेली ज्युबिली २००० ही मोहीम नीट अभ्यासा. चर्च, कामगार संघटना, विद्यार्थी असे एरवी एकत्र न येणारे लोक एका वाक्याभोवती जमले : न फेडता येणारी कर्जं सन २००० पर्यंत रद्द करा. १६ मे १९९८ रोजी बर्मिंगहॅममध्ये जी-८ या आठ बड्या देशांच्या गटाची परिषद चालू असताना सुमारे ७० हजार माणसांनी साखळी केली. पुढच्या वर्षी कोलोनच्या परिषदेत कर्जमाफीची योजना वाढवावी लागली. मागणी एक, तारीख एक, आणि निर्णय कुणाच्या हातात हे पक्कं ठाऊक. तिची ताकद यात होती.

२००५ची गरिबीविरोधी पांढऱ्या पट्टीची मोहीम आकारानं मोठी होती. २ जुलैला एडिनबरात दोन लाखांहून जास्त लोक चालले. पण मनगटावरच्या पट्ट्यांपैकी काही कामगारांना पिळणाऱ्या कारखान्यांत बनल्याचं उघड झालं, आणि गरीब देशांतल्या माणसांपेक्षा गायक-नटांचेच चेहरे जास्त दिसले अशी टीका मोहिमेतल्याच लोकांनी केली. तुम्ही आघाडीसाठी टी-शर्ट छापणार असाल तर ते कुठे शिवले जातात, शिवणारीला नगामागे किती मिळतात हे विचारूनच ऑर्डर द्या. इंदुरात तर शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या वस्त्या आहेत, थेट त्यांनाच काम देता येईल.

आपल्या देशातही धागे आहेत. जानेवारी २००४मध्ये जागतिक सामाजिक मंच मुंबईत गोरेगावला भरला होता. २००५मध्ये सुरू झालेलं "वादा न तोडो अभियान" सरकारांनी दिलेल्या वचनांचा हिशेब मागतं. संयुक्त राष्ट्रांच्या १७ शाश्वत विकास ध्येयांपैकी दहावं विषमतेचं. त्यातलं पहिलंच लक्ष्य म्हणतं की २०३०पर्यंत तळाच्या ४० टक्के लोकांचं उत्पन्न देशाच्या सरासरीपेक्षा जास्त वेगानं वाढावं आणि तसं टिकावं. तुमच्यासारख्या अभ्यासगटाला जमेल असं काम सांगतो : साठ घरांची पाहणी दर सहा महिन्यांनी त्याच घरांत पुन्हा करा. सरासरीच्या पोटात तळाचं काय चाललंय हे दाखवणारा वस्तीचा स्वतःचा आकडा तयार होईल, आणि देशपातळीच्या आघाड्यांना अशा आकड्यांची नेहमी टंचाई असते.

प्रश्न : परदेशी निधी मिळणारी एक मोठी संस्था आघाडीचा सगळा खर्च उचलायला तयार आहे. घ्यावा का? – तिलक नगर

सगळा नको. पहिली अडचण कायद्याची. परदेशी अंशदान कायद्यात २०२०मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशी संस्था तो पैसा दुसऱ्या कुठल्याही संस्थेला किंवा गटाला पुढे देऊ शकत नाही, आणि प्रशासकीय खर्चालाही २० टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे तिच्याकडून आघाडीच्या खात्यात रक्कम वळती करून घेतली तर दोघंही अडचणीत येतात. दुसरी अडचण अशी की भाड्याचे पैसे ज्याचे, कार्यक्रमपत्रिका हळूहळू त्याची होते.

नऊ गटांनी महिना ठरावीक वर्गणी द्यावी, ऐपतीप्रमाणे तीन टप्पे करून, मत मात्र प्रत्येकाला सारखंच. खर्च तरी काय असतो? बैठकीच्या दिवशीचा प्रवास-वेळ भत्ता, झेरॉक्स, चहा, मुलं सांभाळणाऱ्या मुलीचे पैसे. नोंदणीची घाई नको. मध्य प्रदेशच्या १९७३च्या सोसायटी कायद्याखाली किमान सात सदस्य लागतात आणि मग दरवर्षी हिशेब-अहवालाचं ओझं येतं. सुरुवातीला नियमावली, ठराव आणि पॅन कार्डावर आघाडीच्या नावाचं खातं उघडा, तिघांपैकी दोघांच्या सहीनं चालणारं. एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या वैयक्तिक यूपीआयवर वर्गणी घेणं आजच बंद करा. घरचा किराणा आणि आघाडीचे पैसे एकाच खात्यात मिसळले की माणूस कितीही स्वच्छ असो, चौथ्या महिन्यात कुजबुज सुरू होते. हिशेबाचं पान दर बैठकीत भिंतीला लावा.

प्रश्न : बॅनरवर नाव कुणाचं मोठं यावरून वाद झाला. शिवाय एक पार्षद (नगरसेवक) व्यासपीठावर येऊ इच्छितात. – परदेशीपुरा

नावं वर्णानुक्रमे, सगळी एकाच आकारात, मागणीच्या ओळीखाली. पत्रकारांशी बोलायला दोन प्रवक्ते, दर दोन महिन्यांनी बदलणारे, त्यांतली एक व्यक्ती वस्तीतली. पार्षद जरूर यावेत, पण खाली बसून ऐकायला. मागणीचा कागद सगळ्या पक्षांना एकाच दिवशी द्यावा. कोणत्याही पक्षाचा पदाधिकारी आघाडीचा प्रवक्ता होणार नाही, हे निवडणुका दूर असतानाच लिहून ठेवा.

तुमचा भाग मिल कामगारांचा. हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली, आणि थकबाकीचे सुमारे २२४ कोटी रुपये साधारण ४,८०० कामगारांच्या वाट्याला यायला डिसेंबर २०२३ उजाडला. तोवर कितीतरी जण गेले होते. इतका काळ माणसं धरून ठेवताना काय लागलं, हे तुमच्या गल्लीतल्या जुन्या कामगारांना आघाडीच्या एका बैठकीत मुद्दाम बोलावून विचारा.

प्रश्न : १७ ऑक्टोबरला, गरिबी निर्मूलन दिनी, राजवाड्यापासून फेरी काढायची आहे. काय तयारी लागेल? – मल्हारगंज

इंदुरात डिसेंबर २०२१पासून पोलीस आयुक्त पद्धत आहे, म्हणून परवानगीचा अर्ज आयुक्त कार्यालयाकडे. मार्ग, वेळ, अंदाजे संख्या, जबाबदार तिघांचे मोबाइल हे सगळं त्यात हवं. दहा-बारा दिवस आधी द्या आणि एक प्रत ठाण्यावर. शहरात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३खाली, म्हणजे पूर्वीच्या १४४खाली, जमावबंदीचा आदेश चालू आहे का हे आदल्या दिवशी पुन्हा तपासा. भोंग्याची परवानगी वेगळी लागते. १७ ऑक्टोबरच्या आसपास दिवाळीची गर्दी असेल तर राजवाडा-सराफा सोडा. ठेलेवाल्यांचा ऐन हंगाम बुडवून त्यांच्यासाठी फेरी काढण्यात अर्थ नाही. गांधी हॉलचं आवार दुपारी जास्त सोयीचं पडेल.

हा दिवस सुरू झाला तो १९८७मध्ये. जोसेफ व्रेसिन्स्की या, स्वतः गरिबीत वाढलेल्या धर्मगुरूच्या हाकेवरून पॅरिसच्या ट्रोकाडेरो चौकात लोक जमले आणि त्यांनी तिथे गरिबीच्या बळींच्या आठवणीसाठी एक शिळा बसवली. संयुक्त राष्ट्रांनी १९९२मध्ये तो दिवस स्वीकारला. गरिबीत जगणाऱ्यांनी स्वतः बोलायचं, हा त्या दिवसाचा मूळ रिवाज. म्हणून ध्वनिक्षेपक पहिल्या अर्ध्या तासात वस्तीतल्यांकडेच असू द्या, प्रत्येकी तीन मिनिटं, आधी एकदा सराव करून. काय सांगायचं नाही हेही ज्याचं त्यानं ठरवावं. फोटो आणि व्हिडिओसाठी आदल्या दिवशी विचारा, आणि ज्यांना चेहरा नको असेल त्यांना फोटोवाल्यांनी लांबून ओळखावं म्हणून एका ठरलेल्या रंगाची फीत द्या. एखाद्या बाईची मालकीण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र उघडणार असते.